व्हर्जिलची न लावलेली आग

कॅन्ससच्या पश्चिमेला आमचं गाव, आणि या गावात आयुष्यात आग लावली नाही असा एक माणूस कुणी दाखवावा. गहू निघाला की धसकटं जाळायची, थंडी सरली की कुरणं जाळायची, आणि घरामागे गंजका पिंप ठेवून त्यात आठवड्याचा कचरा जाळायचा. चर्चचा पाद्रीसुद्धा जाळतो. अशा या गावातून आग लावण्यापायी तुरुंगात गेला तो एकटा व्हर्जिल लायकर. आणि तो तर गावच्या आगीच्या बंबावर एकवीस वर्षं फुकट राबलेला.

त्याची बाजू घ्यायची नाही. लावल्या त्यानं आगी, तीन लावल्या. बायको सोडून गेली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. दिवसभर सहकारी कोठारावर गव्हाचे ट्रक रिकामे करून घ्यायचे आणि घरी येऊन भिंतीकडे बघत जेवायचं. आठवडा आठवडा कुणी हाक मारायचं नाही. पण बंबाचा भोंगा वाजला की सगळ्या गावाला व्हर्जिल हवा असायचा. "व्हर्जिल आला का? बोलवा व्हर्जिलला." त्या वर्षी पाऊस बरा झाला आणि भोंगा काही वाजेना. मग यानं आधी रस्त्याकडेचं गवत पेटवलं, मग बंद पडलेली शाळा पेटवली, आणि तिसऱ्या खेपेला एका शेजाऱ्याची कडब्याची गंजी. वारा फिरला आणि अकरा गाई गोठ्यात जळाल्या. बंब चालवत गेला होता तो व्हर्जिलच. गाईंचं ओरडणं त्यानं ऐकलं, आग विझवली, आईकडे जाऊन सगळं सांगितलं, आणि तिथून सरळ शेरीफच्या दारात उभा राहिला. कुणी पकडलं नव्हतं त्याला. कुणाला संशयही नव्हता.

अडीच वर्षं आत काढली. बाहेर आला तो पाच वर्षांच्या देखरेखीवर. न्यायाधीशबाईंनी अटींची जी यादी वाचली ती ऐकताना वकिलालाही जांभई आली म्हणतात. काडीपेटी बाळगायची नाही, लायटर बाळगायचा नाही, गावात राहायचं नाही. राहायचं चाळीस मैलांवरच्या तालुक्याच्या गावी, भाड्याच्या खोलीत. दर मंगळवारी सुधारणेच्या वर्गाला बसायचं. आईला भेटायला रविवारी जायची मुभा, अकरा ते चार. आणि दर सहा महिन्यांनी पॉलिग्राफ, म्हणजे ते खोटं पकडायचं यंत्र.

सुधारणेचा वर्ग म्हणजे सहा पुरुष आणि कॉफीचं एक भांडं. तिथे व्हर्जिलला पहिलं काम दिलं ते असं: जन्मापासून लावलेली प्रत्येक आग लिहून काढ. एकही सुटता कामा नये, कारण यादी यंत्रावर तपासली जाणार. व्हर्जिल शेतकऱ्याचा मुलगा. सहाव्या वर्षी बापानं हातात पलिता देऊन बांध पेटवायला लावलं होतं. तो लिहायला बसला तर तीनशेच्या वर गेला. त्यातली पापं कुठली आणि शेतीची कामं कुठली हे त्याला ठरवता येईना, म्हणून त्यानं सगळीच लिहिली. डॉयल नावाचा एक गडी त्या वर्गात नऊ वर्षं मुरलेला होता. बायकोला मारायचा म्हणून आलेला, आणि आता वर्गाचं सामानच होऊन बसलेला. तो यादी बघून म्हणाला, "लेका, वाढदिवसाच्या मेणबत्त्या राहिल्या की."

व्हर्जिलनं खरोखर देखरेख अधिकाऱ्याला फोन करून विचारलं, मेणबत्त्या धरायच्या का. अधिकारी म्हणजे कोलीन बॅक्स्टरबाई, वयानं त्याच्या धाकट्या बहिणीसारख्या, फायलींनी वाकलेल्या. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असणार. "मेणबत्त्या नकोत, मिस्टर लायकर." असा हा माणूस. विचारलं त्याच्या दुप्पट सांगणारा.

इतकं सगळं तो निमूट करत होता ते एका गोष्टीसाठी. त्याची आई ओटिलिया, वय त्र्याऐंशी, गेल्या थंडीच्या शेवटी बर्फावर घसरून खुबा मोडून बसली. डॉक्टरनं सरळ सांगितलं: घरात कुणीतरी चोवीस तास पाहिजे, नाहीतर वृद्धाश्रम. व्हर्जिलची बहीण केव्हाच वारलेली. उरला हाच. नवऱ्यानं दगड फोडून बांधलेलं घर सोडून ओटिलियाला कुठंही जायचं नव्हतं, आणि व्हर्जिललाही जगात दुसरं काही नको होतं. एप्रिलची यंत्रपरीक्षा साफ गेली की त्याला आईकडे राहायची परवानगी देऊ, असं बॅक्स्टरबाईंनी कबूल केलं.

म्हातारीनं तर तयारीच चालवली. गॅसची शेगडी काढून टाकली आणि विजेची बसवून घेतली. बाई घर तपासायला आल्या तेव्हा त्यांच्यापुढे एका कागदावर सही केली, की मुलाच्या हातात विस्तव दिसला तर लगेच कळवीन, नाही कळवलं तर परवानगी रद्द. सही करता करता बाईंना म्हणाली, "माझ्या व्हर्जिलनं गाई जाळल्या. पण तो खोटं बोलत नाही. गाईंचंसुद्धा स्वतःच येऊन सांगितलं त्यानं. तुमच्या यंत्राची मला काय भीती?"

परीक्षेच्या आधी तीन आठवडे, आईच्या घराजवळ राहणाऱ्या उर्बन फायफरच्या कुरणाला आग लागली. विजेची तार तुटून ठिणगी पडली, सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. व्हर्जिल तेव्हा चाळीस मैलांवर आपल्या खोलीत मोजे धूत होता. तालुक्याचे बंबही मदतीला निघाले आणि त्यांचे भोंगे वाजले. तो ओल्या हातांनी खिडकीशी धावला. पश्चिमेला धूर दिसत होता. आणि त्याला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, गाई आठवायला हव्या होत्या. आठवल्या त्या नंतर. आधी बरं वाटलं, अगदी छाती भरून. मग तो खाली बसला आणि स्वतःची इतकी किळस आली त्याला, की तीन दिवस जेवण गेलं नाही.

पॉलिग्राफ घेणारे प्रूइट म्हणजे निवृत्त पोलीस. दाताच्या दवाखान्यामागे एक खोली, खिडकी नाही, भिंतीला तळ्यातल्या बदकांचं चित्र. माणूस वागायला गोड, येणाऱ्या प्रत्येकाला पेपरमिंट देणार. दंडाला पट्टा आवळला, छातीला नळ्या गुंडाळल्या, बोटांना चिमटे लावले. प्रश्न आधीच वाचून दाखवतात, लपवाछपवी काही नाही. चौथा प्रश्न होता: गेल्या सहा महिन्यांत, आम्हाला सांगितली नाहीस अशी कुठली आग तू लावलीस का?

"नाही," व्हर्जिल म्हणाला.

खरंच होतं ते. पण आग हा शब्द कानावर पडला आणि खिडकीतला तो धूर डोळ्यांपुढे आला, आणि ते बरं वाटणं. पडद्यावरची रेघ चढली. तीनदा विचारलं, तीनदा चढली.

प्रूइटनी चिमटे काढले, खुर्ची जवळ ओढली. "काहीतरी आहे, व्हर्जिल. तू सांगत नाहीयेस."

"मी आग लावली नाही."

"यंत्राला तुझ्याशी काय वैर आहे? खोटं माणूस बोलतो, यंत्र नाही."

कागदावर उमटलं: खोटेपणा आढळला. बॅक्स्टरबाईंनी ऑफिसात बोलावून घेतलं. त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. "मिस्टर लायकर, कर नाही त्याला डर कशाला? तीन आठवड्यांनी पुन्हा बसवते. तेव्हाही असंच झालं तर आईकडे राहायचं विसरा. रविवारसुद्धा बंद करावा लागेल मला." आई मात्र फोनवर म्हणाली, "यंत्राला काय कळतंय? पुन्हा जा आणि पुन्हा खरं सांग."

मंगळवारी वर्ग सुटल्यावर डॉयलनं त्याला गाडीपाशी गाठलं. हातात कोबी-मटणाचा भरला पाव, तोंड भरलेलं.

"नापास झालास म्हणे."

"मी काही केलं नाही, डॉयल."

"केलंस का नाही ते कोण विचारतंय? यंत्र भुकेलं असतं लेका. त्याला काहीतरी घालावं लागतं. मी दर वेळी घालतो. गेल्या खेपेला एक बिअर घातली. त्याच्या आधी बायकोच्या घरावरून गाडी नेली म्हणून सांगितलं. लहानसं द्यायचं, आपणहून द्यायचं. मग त्यांचं समाधान होतं, आपलं ओझं उतरतं, रेघ सरळ."

"आणि ती बिअर प्यायला होतास?"

डॉयलनं घास गिळला. "आता कुणाला आठवतंय?"

ही असली अक्कल त्या वर्गात मिळते. चांगलं वागायला शिकवायचा वर्ग, आणि पोरं शिकून काय निघतात तर खोटी कबुली कशी द्यायची. शिकवणाऱ्यांना पत्ता नाही असंही नाही. कबुली आली की कागद भरतो, कागद भरला की सगळे घरी जातात.

व्हर्जिलनं आठ दिवस विचार केला. खरं काय ते सांगावं असं त्याच्या मनात चार वेळा आलं. भोंगा ऐकून मला बरं वाटलं, एवढंच तर वाक्य. पण ते वाक्य फायलीत एकदा गेलं की जन्मभर राहणार. पेटवलेला कचरा हे एक कृत्य झालं, झालं आणि संपलं, त्याला ताकीद देता येते. बरं वाटलं याचं काय करणार ते? हा माणूस आतून अजून तसाच आहे म्हणणार. आणि खरं सांगायचं तर व्हर्जिलला स्वतःलाही तीच धास्ती होती. तेव्हा त्यानं ठरवलं की जे केलं नाही ते सांगायचं आणि जे वाटलं ते गिळायचं.

त्याच्या खोलीला ना परसू ना पिंप. पिंप एकच, आईच्या घरामागचा. म्हणून खोटी आग लावायची तर तिथेच लावावी लागली.

"मला काही सांगायचंय," यंत्र जोडायच्या आधीच तो प्रूइटना म्हणाला. "मार्चमधल्या एका रविवारी मी आईकडे कचरा जाळला. पिंपात. थोडासाच. औषधांची खोकी, जुन्या जाहिराती."

प्रूइट पुढे सरसावले. चेहऱ्यावर कसलं समाधान. "काडी कुठली?"

"गाडीत सीटखाली एक काडीपेटी सापडली. जुनी. नंतर फेकून दिली."

"आणि आई कुठे होती?"

हा प्रश्न त्याच्या ध्यानातच आला नव्हता. आई जागी होती म्हणावं तर तिनं पाहिलं आणि कळवलं नाही असं होणार, तिची सही खोटी पडणार, आणि सगळंच मुसळ केरात. तिच्यावर काही येऊ नये म्हणून तो घाईघाईनं म्हणाला, "झोपली होती. दुपारी जेवल्यावर तिचा डोळा लागतो. तिला काही माहीत नाही. ती झोपलीय बघूनच मी गेलो मागे."

प्रूइटनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. मग पट्टा, नळ्या, चिमटे. पिंपाबद्दल सांगितलंस ते खरं का? होय. ते सोडून दुसरी कुठली आग लावलीस का? नाही. रेघ तळ्यातल्या पाण्यासारखी शांत. तीनदा विचारलं, तीनदा शांत. खोटेपणा आढळला नाही. प्रूइटनी उठून हात मिळवला, एक पेपरमिंट जास्तीची दिली. "बघ, खरं बोललं की कसं हलकं वाटतं."

आणि काय सांगावं, त्याला खरोखरच हलकं वाटलं होतं.

बॅक्स्टरबाईही खूश झाल्या. आपणहून कबूल केलं, ही सुधारणेची खूण म्हणाल्या. एक लेखी ताकीद दिली आणि एक जूनपासून आईकडे राहायची परवानगी. परवानगीवर शिक्काही मारला त्याच्या समोर. "फक्त तुमच्या आईंना मला हे कळवावं लागतं. ज्यांच्या घरात राहणार त्यांना माहीत पाहिजे, नियम आहे."

"मीच सांगतो ना तिला," व्हर्जिल म्हणाला.

"मी सकाळीच फोन केला," बाई म्हणाल्या.

रविवारी, सामान आधीच नेऊन ठेवावं म्हणून, त्यानं खोलीतले कपडे, बूट आणि रेडिओ गाडीत घातला आणि अकराच्या ठोक्याला आईच्या दारात उभा राहिला. ओटिलिया स्वयंपाकघरात होती, काठी टेबलाला टेकवलेली, शेगडीवर घेवड्याच्या शेंगांचं सूप. टेबलावर एक छापील कागद पालथा पडला होता.

"बस," ती म्हणाली. "कुठल्या रविवारी?"

"आई, ते..."

"मी झोपले होते तेव्हा ना? बाईंनी सांगितलं. तू बघितलंस म्हणे, मी झोपलेय का."

"आई, मी काहीच लावलं नाही. बनवून सांगितलं."

"कशाला?"

"पास व्हायला. खरं सांगितलं तेव्हा नापास झालो."

"आणि हे सांगितलंस तेव्हा यंत्र काय म्हणालं?"

"खरं बोलतोय म्हणालं."

तिनं सूप ढवळलं. "यंत्र नापास म्हणालं तेव्हा मी त्याला मोजलं नाही. म्हटलं, माझ्या मुलाला मी ओळखते. आता तू स्वतःच्या तोंडानं सांगितलंस आणि यंत्रानंही हो म्हटलं. आता मी कुणाला खरं धरू?"

"मला धर. मी सांगतोय ना."

"परवा बाईंनाही तूच सांगितलंस." ती सावकाश खुर्चीवर टेकली. "काल काठी घेऊन मागे गेले मी. पिंपातली राख उकरून बघितली. उर्बन शनिवारी येऊन माझा कचरा जाळून जातो, राख असायचीच. त्याची कुठली आणि तुझी कुठली? राखेवर काय नाव असतं? आयुष्यात तू माझ्याशी खोटं बोलला नव्हतास, व्हर्जिल. आता बोलतोयस, एवढं मला कळतंय. त्यांच्याशी बोललास का माझ्याशी, ते नाही कळत."

आता एकच उरलं होतं, ते बाहेर काढावं म्हणजे ही विश्वास ठेवील, असं व्हर्जिलला वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या घडीला माणसाला कुठलं सुचतं.

"खरं काय ते सांगतो," तो म्हणाला. "उर्बनचं कुरण पेटलं ना, तेव्हा भोंगे ऐकले मी. खिडकीतून धूर बघितला. मला बरं वाटलं, आई. मी काही केलं नाही, नुसतं बरं वाटलं. म्हणून पहिल्या वेळी रेघ चढली. लाज वाटली म्हणून बोललो नाही. एवढंच आहे. बाकी काही नाही."

म्हातारीनं त्याच्याकडे बघितलं. हे मात्र तिला पटलं. तोंडावरून दिसलं त्याला, की हे तिनं अक्षरन् अक्षर खरं मानलंय.

"बरं वाटलं," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे आहे ते अजून."

तिनं उठून त्याच्यापुढे सूप वाढलं, पाव ठेवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू वाईट नाहीस," ती म्हणाली. "पण मला धड चालता येत नाही, व्हर्जिल. आणि दुपारी झोप लागते."

तो जेवला. तिनं वाढलेलं टाकायची सवय नव्हती त्याला. जेवण झाल्यावर तिनं टेबलावरचा तो कागद उलटा केला आणि त्याच्याकडे सरकवला. वृद्धाश्रमाचा अर्ज होता. वरची दोन पानं पाद्रीबाबांनी भरून दिली होती, तिसरं रिकामं होतं.

"माझ्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही," ती म्हणाली. "तू भर उरलेलं."

त्यानं पेन घेतलं. जन्मतारीख लिहिली, औषधांची नावं लिहिली, जवळचा नातेवाईक म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. खाली विचारलं होतं, खोलीबद्दल काही विशेष पसंती आहे का, आणि त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"तळमजल्यावरची लिही," ओटिलिया म्हणाली. "बाहेरच्या दाराजवळची."

व्हर्जिलनं तसं लिहिलं.